रिकाम्या जागेच्या आजूबाजूला पाहा: इंग्रजी व्याकरण आणि शब्दांचा संदर्भातून सराव

इंग्रजीच्या परीक्षेची तयारी म्हटली की आपल्याकडे दोन वह्या सुरू होतात. एकीत शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, दुसरीत काळांचे तक्ते. दापोली असो, रत्नागिरी असो की सावंतवाडी, बँकेच्या परीक्षेला बसणारी मुलं, परदेशात नोकरी शोधणाऱ्या नर्स, मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारे तरुण, सगळ्यांच्या पिशवीत या वह्या सापडतात. त्यामागची मेहनत खरी असते. तरी प्रश्नपत्रिका हातात पडली की पाठ केलेला शब्द ऐन वेळी आठवत नाही आणि तोंडपाठ नियम कुठे लावायचा ते कळत नाही. त्यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. परीक्षा शब्दाला उताऱ्यात बसवून विचारते आणि आपण मात्र सराव सुट्या शब्दाचा करतो. हे अंतर भरून काढता येतं आणि त्यासाठी मोठ्या शहरातला महागडा क्लास लागतोच असं नाही.

परीक्षा नेमकं काय तपासते

केंब्रिज विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची परीक्षा पहिल्यांदा घेतली ती १९१३ साली. जवळजवळ १२ तासांची परीक्षा, बसलेले उमेदवार ३, आणि तिघेही नापास. तेव्हा भाषांतर, निबंध, उच्चारशास्त्र आणि व्याकरणाचे थेट प्रश्न असा सगळा भरणा होता. पुढे १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने एक साधी युक्ती मांडली. उताऱ्यातले काही शब्द गाळायचे आणि वाचणाऱ्याला ते ओळखायला लावायचं. एखादा मजकूर वाचायला किती सोपा आहे हे त्याला मोजायचं होतं, पण भाषेच्या परीक्षकांनी ही युक्ती उचलली. बँकांच्या परीक्षेत ‘क्लोझ टेस्ट’ नावाने येणारा प्रश्न तिथूनच आला.

केंब्रिजच्या आजच्या ‘बी टू फर्स्ट’ या मध्यमाहून वरच्या स्तराच्या परीक्षेत वाचन आणि भाषावापराचा ७५ मिनिटांचा एक पेपर असतो. त्यात पर्याय देऊन गाळलेल्या जागा, पर्याय न देता गाळलेल्या जागा, मूळ शब्दापासून योग्य रूप बनवणं आणि दिलेला शब्द वापरून वाक्य पुन्हा लिहिणं, असे चार प्रकार भाषावापराचे. परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी द्यावी लागणाऱ्या आयल्ट्स परीक्षेत तर व्याकरणाचा वेगळा पेपरच नाही. लेखनाचे गुण चार निकषांत सारखे वाटलेले असतात. प्रश्नाला दिलेलं उत्तर आणि मांडणीतली सुसंगती हे दोन, शब्दसंपत्ती आणि व्याकरणाची विविधता व अचूकता हे उरलेले दोन. म्हणजे निम्मे गुण शब्द आणि व्याकरणाचेच, पण ते तुम्ही लिहिलेल्या मजकुरात शोधले जातात. वहीतला तक्ता तिथे कोणी पाहत नाही.

हर्णैचा लिलाव, चार गाळलेल्या जागा

हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. त्याच विषयावर सरावासाठी मी हा छोटा उतारा तयार केला आहे:

‘द बोट्स रिटर्न टु हर्णै इन दी ईव्हनिंग, अँड द फिश इज ऑक्शन्ड —१— द बीच. लास्ट वीक द सी वॉज —२— अँड फ्यू बोट्स वेंट आउट. —३— प्राइसेस वेअर हाय, द फिशरमेन अर्न्ड लिटल, —४— देअर वॉज नॉट इनफ फिश टु सेल.’

पहिली जागा सोपी. ‘बीच’च्या आधी ‘ऑन’ येतं. इथे पाठांतर पुरतं.

दुसऱ्या जागेपाशी खरा खेळ सुरू होतो. जागेच्या डावीकडे फक्त ‘मागच्या आठवड्यात समुद्र होता’ एवढंच आहे. समुद्र शांतही असू शकतो, खवळलेलाही. उत्तर उजवीकडे दडलेलं आहे: ‘फ्यू बोट्स वेंट आउट’. इंग्रजीत ‘अ फ्यू बोट्स’ म्हणजे थोड्या का होईना, काही बोटी गेल्या. ‘अ’ काढून नुसतं ‘फ्यू बोट्स’ म्हटलं की अर्थ होतो, बोटी जवळजवळ गेल्याच नाहीत. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपला डोळा त्या एका अक्षरावरून सहज घसरतो आणि संकेत हातचा जातो. तो दिसला की समुद्र शांत नव्हता हे पक्कं होतं. मग शब्द कोणता? ‘खवळलेला’ मनात धरून कोणी ‘अँग्री’ लिहितं, कोणी ‘हार्ड’. पण अशा साध्या बातमीवजा मजकुरात समुद्रासाठी इंग्रजीचा रुळलेला शब्द ‘रफ’ आहे.

तिसऱ्या जागेत बहुतेकांना ‘व्हेन’ किंवा ‘बिकॉज’ लिहावंसं वाटतं, कारण बोटी कमी गेल्या म्हणजे भाव चढणार हे आपल्याला किनाऱ्यावर राहून माहीत असतं. पण वाक्य पुढे म्हणतं की मच्छीमारांना पैसे मात्र फारसे मिळाले नाहीत. इथेही ‘लिटल’च्या मागे ‘अ’ नाही, म्हणजे मिळकत नसल्यातच जमा. भाव चढे आणि कमाई कमी, या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट जातात, म्हणून ‘ऑलदो’. आणि त्याचं कारण शेवटच्या तुकड्यात आहे, म्हणून चौथ्या जागेत ‘बिकॉज’ किंवा ‘ॲज’.

चारपैकी तीन जागांचं उत्तर रिकाम्या जागेच्या पुढे होतं. म्हणून उतारा आधी शेवटपर्यंत वाचायचा आणि मगच पहिली जागा भरायची. घाईत असलेला विद्यार्थी नेमकं उलट करतो. पर्याय दिले असतील तर तो आधी पर्याय वाचतो आणि चारही बरोबर वाटू लागतात. पर्याय हाताने झाकून आधी स्वतःचा शब्द ठरवण्याची सवय लावा. मनातला शब्द पर्यायांत सापडला तर उत्तम, नाही तर अर्थाने त्याच्या जवळचा कोणता ते पाहता येतं.

काळ ओळखायचा तो शेजारच्या वाक्यावरून

‘काल मी गुहागरला गेलो होतो.’ मराठीत हे अगदी सरळ वाक्य आहे. गेलो, परत आलो, ती गोष्ट संपली, एवढाच त्यातला भाव. हेच इंग्रजीत ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टु गुहागर’ असं उतरतं आणि गुण जातात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या लेखनात ही चूक सर्वांत जास्त दिसते, आणि तक्ता पाठ असूनही दिसते. तक्त्यात ‘हॅड’ अधिक तिसरं रूप बरोबरच लिहिलेलं असतं. ते कधी वापरायचं हे मात्र तक्त्यात मावत नाही.

इंग्रजीतला हा ‘हॅड’ भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधाराने उभा राहतो. ‘आय रीच्ड चिपळूण स्टेशन ॲट नाइन, बट द ट्रेन हॅड लेफ्ट.’ स्टेशनवर पोचणं ही एक घटना, गाडी सुटणं ही तिच्याही आधीची. मराठीतही आपण इथे ‘गाडी सुटली होती’ म्हणतो, म्हणून हे वाक्य चटकन जमतं. गुहागरच्या वाक्यात अशी दुसरी घटना नाही, तिथे साधं ‘आय वेंट’.

यासाठी एकेकट्या वाक्यांचा सराव कितीही केला तरी पुरत नाही. दहा ओळींचा एखादा खरा प्रसंग लिहून काढा. एसटी चुकली, वीज गेली, पाहुणे अचानक आले, काहीही चालेल. लिहून झाल्यावर प्रत्येक ‘हॅड’खाली रेघ मारा आणि स्वतःला विचारा: कशाच्या आधी? उत्तर त्याच परिच्छेदात सापडलं तर ‘हॅड’ ठेवा, नाही सापडलं तर खोडा.

‘पासून’चंही असंच. ‘गणपतीपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्हींना मराठीत एकच प्रत्यय पुरतो. इंग्रजी मात्र सुरुवातीचा क्षण सांगायला ‘सिन्स’ आणि मुदत सांगायला ‘फॉर’ वापरते, शिवाय क्रियापदही बदलतं. ‘आय ॲम लिव्हिंग इन मालवण सिन्स टू इयर्स’ यात दोन चुका आहेत. बरोबर वाक्य ‘आय हॅव लिव्ह्ड इन मालवण फॉर टू इयर्स’. हा फरक केंब्रिजच्या वाक्य बदलण्याच्या प्रश्नात छान घोटून होतो. मूळ वाक्य समजा असं: ‘द लास्ट टाइम आय सॉ हिम वॉज ॲट शिमगा.’ वापरायचा शब्द ‘सिन्स’. उत्तर: ‘आय हॅव नॉट सीन हिम सिन्स शिमगा.’ बी टू स्तरावर अशा उत्तरात दोन ते पाच शब्दच चालतात आणि ‘हॅवन्ट’ असं जोडून लिहिलं तरी ते दोन शब्द मोजले जातात. अशी वाक्यं स्वतः बनवणं अवघड नाही. मुंबईहून शिमग्याला, गणपतीला येणारे चाकरमानी, शेवटची भेट, किती दिवसांनी आले, या गोष्टी घरात रोज बोलल्या जातात. त्याच इंग्रजीत दोन-दोन पद्धतींनी लिहा.

सगळंच संदर्भातून शिकावं असा माझा हट्ट नाही. ‘गो, वेंट, गॉन’ पाठच करावं लागतं आणि पाठ केलेलं बरं.

जे आपल्याला माहीत आहे तेच इंग्रजीत वाचा

संदर्भावरून शब्दाचा अर्थ काढा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण त्याची एक अट कोणी सांगत नाही. आजूबाजूचे जवळजवळ सगळे शब्द ओळखीचे असतील तरच अंदाज बांधता येतो. शब्दसंग्रहाचा अभ्यास करणारे न्यूझीलंडचे प्राध्यापक पॉल नेशन यांच्या मांडणीनुसार कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला १०० पैकी सुमारे ९८ शब्द माहीत असावे लागतात. म्हणून सुरुवातीलाच जडजंबाल इंग्रजी अग्रलेख वाचायला घेणं मला चुकीचं वाटतं. ओळीला चार शब्द अडले की संदर्भ उरतच नाही, नुसता शब्दकोश चाळणं होतं.

इथे कोकणातल्या मुलांना एक मोठी सोय आहे. समुद्र, पाऊस, आंबा, काजू, पर्यटन यांवर इंग्रजीत भरपूर लिहिलं जातं आणि त्यातला विषय आपल्याला आधीच ठाऊक असतो. विषय माहीत असला की डोक्याचा सगळा जोर भाषेकडे लावता येतो.

हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशाराच घ्या. ‘फिशरमेन आर ॲडव्हाइज्ड नॉट टु व्हेंचर इंटु द सी.’ अर्थ बंदरावरच्या कोणालाही माहीत आहे: समुद्रात जाऊ नये. आता यातली भाषा पाहा. सल्ला कोण देतंय ते सांगायची गरज नाही, म्हणून कर्मणी प्रयोग. ‘ॲडव्हाइज’नंतर नकार द्यायचा तर ‘नॉट टु’. ‘व्हेंचर’ म्हणजे नुसतं जाणं नव्हे, धोका पत्करून जाणं, आणि त्याच्यासोबत ‘इंटु’. या साच्यात स्वतःची वाक्यं ओता: ‘टूरिस्ट्स आर ॲडव्हाइज्ड नॉट टु स्विम आफ्टर सनसेट.’ मग नामाकडे वळा. नामाच्या स्पेलिंगमध्ये सी, क्रियापदात एस, आणि हे नाम मोजता येत नाही, म्हणून ‘मेनी ॲडव्हाइसेस’ चालत नाही, ‘अ लॉट ऑफ ॲडव्हाइस’ चालतं. एका वाक्यातून इतकं हाती लागतं. सुट्या यादीत त्याच शब्दासमोर फक्त ‘सल्ला देणे’ एवढं असतं.

मूळ शब्दापासून रूप बनवण्याच्या प्रश्नासाठी आंबा उपयोगी पडतो. ‘राइप’ हा शब्द घ्या आणि आढी डोळ्यांसमोर आणा. ‘द मँगोज आर पिक्ड बिफोर दे आर फुली राइप, अँड दे रायपन इन लेअर्स ऑफ स्ट्रॉ.’ ‘फुली’च्या मागोमाग विशेषण हवं, म्हणून ‘राइप’. ‘दे’च्या पुढे क्रियापद हवं, म्हणून ‘रायपन’. पुढच्या वाक्यात ‘अनराइप’, ‘ओव्हरराइप’, ‘राइपनेस’ आणता येतात. जागेच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, यावरून नाम हवं की विशेषण ते ठरतं. अर्थ होकारी की नकारी हे मात्र पूर्ण वाक्य वाचल्यावरच कळतं, आणि ‘अन’ लावायचं राहून गेल्यामुळे गेलेले गुण फार लागतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावरचे इंग्रजी लेख आजही वाचायला मिळतात. तसे दोन-तीन काढून वाचले तर एकच शब्दसमूह वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटतो, आणि तसा भेटला तरच तो अंगवळणी पडतो.

शब्द कोणाच्या जोडीने येतो हेही वाचनातूनच कळतं. आपण परीक्षा देतो, म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’ लिहितो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा ‘सिट’ करतो. आपण एखाद्याशी लग्न करतो, इंग्रजीत ‘मॅरीड टु’ येतं. आपण विषयावर चर्चा करतो, पण ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. म्हणून वहीत शब्द एकटा लिहू नका, त्याचा जोडीदार सोबत लिहा.

नर्सचं पत्र आणि बोटीवरची भाषा

नर्सिंग करून परदेशी जाणाऱ्या अनेक जणी ओईटी ही आरोग्यक्षेत्राची परीक्षा देतात. तिच्या लेखनाच्या भागाला ४५ मिनिटं असतात आणि बहुधा एक पत्र लिहायचं असतं. रुग्णाच्या त्रोटक नोंदी दिलेल्या असतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला कळवायचं असतं. नोंदीत समजा एवढंच आहे: ‘फीव्हर थ्री डेज, नो ॲपेटाइट, पेनिसिलिन ॲलर्जी.’ ना क्रियापद, ना आर्टिकल. पत्रात ते असं व्हायला हवं: ‘शी हॅज हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज अँड हॅज नो ॲपेटाइट. शी इज ॲलर्जिक टु पेनिसिलिन.’ ताप अजून आहे, म्हणून ‘हॅज हॅड’. तो उतरला असता तर ‘हॅड’. काळ इथे रुग्णाच्या स्थितीवर ठरतो, आणि वॉर्डात काम केलेल्या मुलीला ती स्थिती पुस्तकाहून चांगली कळते. तिने रोजच्या ड्यूटीतल्या नोंदी, रुग्णाचं नावगाव गाळून, मनातल्या मनात अशा पूर्ण वाक्यांत बदलून पाहाव्यात. ‘ॲडमिटेड विथ’, ‘डिस्चार्ज्ड फ्रॉम’, ‘कम्प्लेन्ड ऑफ’ या जोड्या त्यातूनच पक्क्या होतील.

बोटीवर जाणाऱ्यांची गरज निराळी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरच्या संवादासाठी ठरावीक इंग्रजी वाक्यप्रयोग स्वीकारले. त्यात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’, ‘कॅन’ हे शब्द टाळायला सांगितलं आहे, कारण त्यांतून परवानगी, शक्यता की सूचना हे वायरलेसवर स्पष्ट होत नाही. शाळेत ‘मे आय कम इन’ हे सभ्य वाक्य म्हणून शिकवतात. समुद्रात मात्र फेअरवेत, म्हणजे जहाजांच्या ठरलेल्या मार्गात, शिरताना ‘मे आय एंटर द फेअरवे’ न म्हणता ‘डू आय हॅव परमिशन टु एंटर द फेअरवे’ असं विचारायचं. दिशाही ‘वन फाइव्ह झीरो’ अशी एकेक आकडा सुटा करून सांगायची. तुमची परीक्षा कुठल्या कामासाठी आहे, त्या कामातली भाषा हाच तुमचा संदर्भ.

रोजचा सराव

एकच उतारा तीन-चार दिवस वापरा. पहिल्या दिवशी नुसता वाचा आणि तो कशाबद्दल आहे ते मराठीत एका वाक्यात सांगा. हे वाक्य जमलं नाही तर गाळलेल्या जागांकडे वळूच नका. दुसऱ्या दिवशी त्यातली शब्दयोगी अव्ययं खोडून भरा, तिसऱ्या दिवशी क्रियापदं, मग जोडणारे शब्द. ‘ऑलदो’, ‘अनलेस’, ‘देअरफोर’ यांसारख्या जोडणाऱ्या शब्दांवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण सगळ्या उताऱ्याचा अर्थ त्यांच्यावर तोललेला असतो. शेवटच्या दिवशी कागद बाजूला ठेवून तोच मजकूर स्वतःच्या शब्दांत बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. आयल्ट्सच्या बोलण्याच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारीला मिळतं आणि त्यानंतर दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं, तेवढीच मुदत लावा. गावावरचं, सणावरचं पाठ केलेलं उत्तर तिथे म्हणून दाखवू नका. परीक्षकांना ते ओळखता येतं आणि गुण कमी होतात.

विसरणं ठरलेलंच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की नव्याने पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग हा वेग मंदावतो. म्हणून उजळणी पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हायला हवी, पुढे अंतर वाढवलं तरी चालतं.

चुकांची वही ठेवा, पण तिच्यात बरोबर उत्तर लिहून थांबू नका. पूर्ण वाक्य उतरवा आणि कुठला शब्द पाहायचा राहिला होता तो गोल करा. हर्णैच्या उताऱ्यात दुसऱ्या जागी ‘काम’ (इंग्रजी शब्द, अर्थ शांत) लिहून चुकला असाल तर ‘फ्यू’भोवती गोल काढा आणि शेजारी लिहा: मागे ‘अ’ नाही. महिनाभरात आपण सारखे कुठे अडतो ते या वहीतून दिसू लागतं. कोणाची आर्टिकलं निसटतात, कोणाचा काळ, कोणाची जोडणी. मग पुढचे उतारे त्या हिशेबाने निवडता येतात. सोबत तयारी करणारं कोणी असेल तर एकमेकांसाठी उतारे तयार करा. दुसऱ्यासाठी शब्द गाळायला बसलात की कुठला शब्द संदर्भावरून ओळखता येईल आणि कुठला नाही याचा विचार आपोआप करावा लागतो, आणि परीक्षक प्रश्न कसा रचतो ते आतून कळतं.